उघडा पत्रा किती वेळ उघडा ठेवावा?

गाडीचे रंगकाम स्वतः हाती घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एका टप्प्यावर हा प्रश्न पडतोच: जुना रंग खरवडून झाला, पत्रा लखलखीत निघाला, पण प्रायमर मारायला अजून काही दिवस, कदाचित काही आठवडे लागणार आहेत, तोवर या पत्र्यावर काय लावून ठेवावे म्हणजे गंज चढणार नाही? यावर तेल, मेण, आम्ल, गंजरोधक फवारा अशी अनेक उत्तरे मिळतात आणि त्यांतली काही अंशतः बरोबरही असतात. माझे मत मात्र असे झाले आहे की इथे प्रश्नाची मांडणीच थोडी चुकते. जेवढा पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली झाकता येईल तेवढाच उघडा करावा आणि कामाचा सगळा क्रम त्या हिशेबाने आखावा. एकदम संपूर्ण गाडी खरवडून ठेवण्याचा मोह फार होतो, कारण त्यात काम भराभर पुढे सरकल्यासारखे वाटते. पण त्या दिवसापासून आपण हवेतल्या ओलाव्याशी शर्यत लावलेली असते, आणि ती शर्यत बहुधा ओलावाच जिंकतो.

गंज इतक्या लवकर का चढतो हे समजून घेतले तर पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सोपे होतात. लोखंड गंजण्यासाठी त्यावर पाण्याचे थेंब दिसायलाच हवेत असे नाही. हवेतील बाष्पाचा एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर पत्र्यावर सतत बसत असतो. या थरात पत्र्याच्या काही ठिकाणचे लोह इलेक्ट्रॉन सोडून विरघळते आणि शेजारच्याच दुसऱ्या ठिकाणी हवेतला ऑक्सिजन पाण्याच्या साहाय्याने ते इलेक्ट्रॉन घेतो. म्हणजे एकाच पत्र्यावर असंख्य सूक्ष्म विद्युतघट तयार होतात. स्वच्छ पोलादावर ही क्रिया साधारण ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या पुढे लक्षणीय वेग घेते. पत्र्यावर मीठ असेल तर ही मर्यादा बरीच खाली येते, कारण क्षार स्वतःच हवेतून पाणी ओढून घेतात आणि तो पातळ थर वीज वाहून नेण्यास अधिक सक्षम करतात. हे मीठ समुद्रावरून किंवा रस्त्यावरूनच यावे लागते असे नाही. हाताच्या घामातही ते असते. उघड्या पत्र्यावर उमटलेला बोटांचा ठसा काही काळाने तपकिरी होऊन जसाच्या तसा दिसू लागतो, त्याचे कारण हेच. खरवडलेल्या पत्र्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये, नायट्राइलचे हातमोजे घालावेत, हा सल्ला ऐकायला किरकोळ वाटतो. पण त्याने वाचणारा त्रास मोठा आहे.

दुसरी गोष्ट दवबिंदूची. हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो; म्हणजे पत्रा हवेपेक्षा अवघा चार अंशांनी थंड असला तरी त्यावर पाणी जमू लागेल. रात्री पत्रा थंड होतो, सकाळी दार उघडल्यावर बाहेरची उबदार, दमट हवा आत येते आणि हवेइतका लवकर न तापणारा पत्रा थंड पाण्याने भरलेल्या पेल्याप्रमाणे घामेजतो. रात्री स्वच्छ ठेवलेल्या बॉनेटवर सकाळी पिवळसर झाक दिसते ती याच तासाभराची करामत असते. औद्योगिक रंगकामात पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक असल्याखेरीज रंग मारू नये असा नियम पाळतात. आर्द्रतामापक आणि पत्र्याचे तापमान मोजणारे उपकरण ही दोन्ही साधी साधने आहेत, आणि माझ्या मते स्प्रे गनवर अधिक खर्च करण्याआधी ती घ्यावीत.

याच संदर्भात उघड्या ज्योतीच्या हीटरविषयी लिहायला हवे. गारठा घालवण्यासाठी धुराडे नसलेला केरोसीनचा किंवा गॅसचा हीटर लावणे हा सहज सुचणारा उपाय आहे, परंतु इंधन जळताना पाणी तयार होते. एक लिटर केरोसीन जळाल्यावर सुमारे एक लिटर पाणी बाष्परूपाने खोलीत सोडले जाते. हवा गरम होते, पण त्याच वेळी ती दमटही होते, आणि अजून थंड असलेला पत्रा ते बाष्प आनंदाने टिपून घेतो. शिवाय थिनरची वाफ आणि उघडी ज्योत एकत्र आणणे हा धोका आहेच. बंद खोलीत वीजेवर चालणारा हीटर आणि हवा कोरडी करणारे यंत्र वापरून आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर उघडा पत्रा पुष्कळ अधिक काळ तग धरतो. मात्र बंदिस्त जागेशिवाय हा उपाय निरर्थक आहे.

एखादी पुसट तांबूस झाक राहिली तर काय बिघडते, वरून रंग बसणारच आहे, असा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. तो फसवा आहे. रंगाचा कोणताही थर पूर्णपणे जलरोधक नसतो. पाणी आणि ऑक्सिजन त्यातून सावकाश आरपार जातातच. रंग पत्र्याचे रक्षण करतो ते मुख्यतः पत्र्याला घट्ट चिकटून राहिल्यामुळे, कारण जिथे चिकटण आहे तिथे पाण्याला साचायला जागा मिळत नाही. पत्रा आणि प्रायमर यांच्यामध्ये गंजाची भुकटी असेल तर प्रायमर पत्र्याला न चिकटता त्या भुकटीला चिकटतो. आणि खाली क्षारांचा अंश राहिला असेल तर ते क्षार रंगाच्या थरातून पाणी ओढतात, आणि मग काही महिन्यांनी गुळगुळीत रंगावर बारीक फोड दिसू लागतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे एकदा सुरुवात झाली की तो स्वतःच रंगाला आतून उचलत पुढे सरकतो.

आता प्रत्यक्ष पत्र्याकडे वळू. वरवरचा गंज घासून काढणे सोपे असते; अवघड असतो तो खळग्यांतला गंज. गंजलेल्या जागी पत्र्याला बारीक खड्डे पडलेले असतात आणि त्यांच्या तळाशी काळपट गंज घट्ट बसलेला असतो. ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश या जागा चकचकीत करतो, पण पुष्कळदा तो गंज काढण्याऐवजी त्याला खळग्यात दाबून वरून पॉलिश करतो. चमक पाहून समाधान मानू नये. भिंग घेऊन पाहावे. जाड चकतीने खळग्यांच्या तळापर्यंत घासत राहणे हाही मार्ग नव्हे, कारण गाडीच्या बाह्य भागांचा पत्रा बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचाच असतो आणि गंज काढता काढता पत्राच संपतो. शिवाय एकाच जागी घासल्याने पत्रा तापून वाकतो तो वेगळाच.

अशा ठिकाणी बारीक कणांचा मारा, म्हणजे ब्लास्टिंग, सर्वांत चांगले काम करते, आणि त्यानंतरचा पत्रा सर्वांत लवकर गंजतो. हे विचित्र वाटेल, पण कणांच्या माऱ्याने पृष्ठभाग खडबडीत झाल्यामुळे त्याचे प्रत्यक्ष क्षेत्रफळ वाढते आणि धातू पूर्णपणे उघडा, ताजा असतो. दमट हवेत काही तासांतच त्याचा रंग बदलू लागतो. म्हणून ब्लास्टिंग करून आणलेले भाग त्याच दिवशी प्रायमरखाली जातील अशीच वेळ ठरवावी. ज्याच्याकडे ब्लास्टिंग करायचे त्यानेच लगेच एपॉक्सी प्रायमर (दोन घटक मिसळून पक्का होणारा प्रायमर) मारून द्यावा अशी व्यवस्था झाली तर उत्तम. बॉनेट, छत यांसारख्या सपाट भागांवर मोठ्या दाबाने मारा केला तर पत्रा ताणला जाऊन लहरी होतो, हेही आधीच बोलून घ्यावे. खाण्याच्या सोड्याचा मारा पत्र्याला कमी इजा करतो आणि त्याचा मागे राहणारा अल्कधर्मी थर काही काळ गंजही येऊ देत नाही. पण तोच थर पूर्णपणे धुतला गेला नाही तर त्यावर प्रायमर चिकटत नाही. धुतल्यावर अर्थात ते संरक्षणही जाते, आणि आपण पुन्हा मूळ जागी येतो.

फॉस्फोरिक आम्लाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण याच बाबतीत सर्वाधिक गोंधळ दिसतो. हे आम्ल गंज विरघळवते आणि लोखंडाशी अभिक्रिया करून पृष्ठभागावर लोह फॉस्फेटचा राखाडी थर तयार करते. कल्पना जुनी आहे. थॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी लोखंडाच्या फॉस्फेट प्रक्रियेचे पेटंट १९०६ मध्ये ब्रिटनमध्ये घेतले होते, आणि आजही कारखान्यात गाडीचा सांगाडा रंगापूर्वी जस्त फॉस्फेटच्या हौदातून जातो व मग विद्युतलेपनाने त्यावर पहिला प्रायमर बसतो. कारखान्याच्या प्रक्रियेत द्रावणाची तीव्रता, तापमान आणि त्यानंतरच्या धुण्या काटेकोरपणे सांभाळल्या जातात. आपण मात्र फडक्याने आम्ल लावतो, ते सुकू देतो आणि वर प्रायमर मारतो, इथेच घोटाळा होतो.

सुकलेल्या आम्लाचा अवशेष पत्र्यावर राहिला तर त्यावरचा एपॉक्सी प्रायमर नीट पक्का होत नाही, कारण एपॉक्सीचा हार्डनर (त्याला पक्का करणारा दुसरा घटक) अमाइन वर्गातला, म्हणजे अल्कधर्मी असतो आणि आम्ल त्याच्याशीच अभिक्रिया करते. काही दिवसांनी प्रायमर सोलपटासारखा निघतो आणि दोष प्रायमरला दिला जातो. आम्ल वापरायचेच असेल तर ते लावल्यावर काम संपेपर्यंत पृष्ठभाग ओला ठेवावा, वाळू देऊ नये. वाळलेच तर पुन्हा आम्ल लावून वाळलेला थर सैल करावा आणि मग भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. शेवटची धुणी क्षारविरहित पाण्याची असल्यास चांगले. त्यानंतर ताबडतोब कोरड्या फडक्याने आणि कोरड्या हवेने पाणी पूर्ण काढावे आणि पत्रा थोडा गरम करावा. या धुण्यातच पुन्हा तांबूस झाक येण्याची शक्यता असते, हे या पद्धतीतले मूळ दुखणे आहे. झाक आलीच तर प्रायमरआधी कोरड्या पेपरने, म्हणजे सँडपेपरने, घासून ती काढावी लागते. आम्लाच्या बाटलीवर ‘धुण्याची गरज नाही’ असे लिहिलेले असू शकते. तरीही निर्णय प्रायमरच्या तांत्रिक पत्रकावर सोडावा. बाटलीवरचे आश्वासन आणि प्रायमर बनवणाऱ्याची अट यांत विरोध असेल तर प्रायमरवाल्याचे ऐकावे, कारण शेवटी चिकटायचे त्यालाच आहे.

आणि एक गोष्ट निक्षून: दोन पत्र्यांच्या सांध्यात, दुमडलेल्या कडांमध्ये, स्पॉट वेल्डच्या ओळींवर आम्ल सोडू नये. आत गेलेले आम्ल धुता येत नाही, वाळवता येत नाही आणि ते नंतर उष्णतेने बाहेर झिरपून ताज्या रंगावर डाग उमटवते.

गंजाचे रूपांतर करणारी द्रव्ये, विशेषतः टॅनिक आम्ल असलेली, गंजाला काळ्या रंगाच्या स्थिर संयुगात बदलतात. चासीच्या आतल्या, पूर्ण साफ न करता येणाऱ्या जागांसाठी त्यांचा उपयोग आहे. परंतु स्वच्छ, उघड्या पत्र्यावर त्यांना काम नाही, कारण रूपांतर करायला तिथे गंजच नसतो. आणि दिसणाऱ्या भागांवर चांगल्या रंगाखाली मी त्यांच्यावर विसंबणार नाही.

तेलाचा उल्लेख थोडक्यात करतो. तेलाचा हात फिरवलेला पत्रा गंजत नाही, हे खरे. पण ते तेल खाचांत, सांध्यांत आणि पेपरने पडलेल्या ओरखड्यांत शिरते, आणि नंतर सगळे निघाले असे खात्रीने कधीच म्हणता येत नाही. फवाऱ्यात सिलिकॉन असेल तर रंग मारताना माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. वर्षभर फडताळात पडून राहणाऱ्या सुट्या भागाला तेल लावणे ठीक. पुढच्या महिन्यात रंगवायच्या दाराला लावू नये.

प्रायमरपूर्वीच्या स्वच्छतेत क्रमाला महत्त्व आहे. आधी ग्रीस आणि मेण काढणाऱ्या द्रावकाने पुसावे, मगच पेपर मारावा; उलट केले तर तेल ओरखड्यांत घासले जाते. पेपर मारून झाल्यावर पुन्हा पुसावे. पुसताना दोन फडकी लागतात, एक द्रावकाने ओले आणि दुसरे कोरडे, आणि द्रावक पत्र्यावर ओला असतानाच कोरड्या फडक्याने उचलायचा असतो. तो तसाच हवेत उडू दिला तर विरघळलेला तेलकटपणा होता तिथेच परत बसतो. झपाट्याने उडणारे थिनर पत्र्याला थंडही करते, आणि दमट दिवशी तेवढ्या गारव्याने पत्रा दवबिंदूखाली जाऊ शकतो. म्हणून सावकाश उडणारा द्रावक बरा. ब्रेक साफ करण्याच्या क्लोरिनयुक्त फवाऱ्याने पत्रा पुसून त्यावर वेल्डिंग करणे मात्र जिवावर बेतू शकते, कारण त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. कंप्रेसरच्या टाकीत जमणारे पाणी दररोज सोडावे आणि नळीच्या शेवटी पाणी अडवणारा फिल्टर असावा, नाहीतर एवढे सगळे करून आपणच पत्र्यावर पाण्याचा फवारा मारतो.

प्रायमर कोणता, यावर माझे उत्तर सरळ आहे: दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर. तो पत्र्याला घट्ट धरतो, पाण्याला चांगला अडथळा करतो आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक थराशी जुळवून घेतो. त्यासाठी पत्रा ८० ते १८० क्रमांकाच्या पेपरने घासलेला असावा. गुळगुळीत पत्र्यावर त्याला पकड मिळत नाही. बहुतेक एपॉक्सी १५ अंश सेल्सिअसच्या खाली अतिशय मंदपणे पक्के होतात, आणि हा आकडा हवेचा नसून पत्र्याचा आहे. काही उत्पादनांत हार्डनर मिसळल्यावर थोडा वेळ मिश्रण तसेच ठेवावे लागते. तो वेळ चुकवू नये. पुढचा थर न घासता मारण्याची मुदत तांत्रिक पत्रकात दिलेली असते, आणि ती ओलांडली की एपॉक्सी घासून पुन्हा एक थर द्यावा लागतो.

आम्लयुक्त एच (etch) प्रायमर, ज्यात पॉलिव्हिनाइल ब्युटिरल राळ आणि फॉस्फोरिक आम्ल असते, हाही उघड्या धातूसाठीच बनवलेला असतो. पण तो १० मायक्रॉनच्या आसपास, अगदी पातळ मारायचा असतो आणि एकटा हवेत दीर्घकाळ संरक्षण देत नाही. त्यावर एपॉक्सी मारू नये, आणि खळगे भरून सपाट करण्याची पॉलिएस्टर पुट्टीही भरू नये. पृष्ठभाग सपाट करण्यासाठी वापरला जाणारा सर्फेसर प्रायमर तर थेट पत्र्यावर मारण्याची वस्तूच नव्हे. त्यात भरणद्रव्य जास्त असते आणि, विशेषतः जुन्या पद्धतीच्या एकघटकी प्रायमरमध्ये, ओलावा सहज आत मुरतो. राखाडी प्रायमर मारून गाडी महिनोन्‌महिने पावसात उभी दिसते, आणि मालक निर्धास्त असतो. त्याखाली गंज चालूच असतो. फक्त तो दिसत नाही.

क्रम बदलण्याचा सर्वांत मोठा फायदा पुट्टीच्या वेळी मिळतो. परंपरेने पत्रा उघडा करून त्यावर पुट्टी भरतात, दिवसेंदिवस घासतात आणि सगळे सपाट झाल्यावर प्रायमर मारतात. या काळात भोवतालचा पत्रा उघडा राहतो आणि पुट्टीतली टाल्क पावडर हवेतला ओलावा शोषत राहते. त्याऐवजी पत्रा आधी एपॉक्सीने झाकून, तो पक्का झाल्यावर घासून त्यावर पुट्टी भरली तर घाई उरत नाही. पुट्टी घासताना मध्येच कुठे पत्रा उघडा पडला तर तेवढ्या जागेला पुन्हा एपॉक्सीचा हात द्यावा. उघड्या पत्र्यावर पुट्टी अधिक घट्ट बसते असे मानणारे अनुभवी कारागीर आहेत, आणि घासलेल्या स्वच्छ पत्र्यावर ती उत्तम बसते यात शंका नाही. पण जिथे काम सुट्टीच्या दिवशीच पुढे सरकते तिथे एपॉक्सी आधी, हा क्रम मला निर्विवाद वाटतो. पुट्टी आणि प्रायमर पाणी लावून घासू नयेत, कोरडेच घासावे, हेही त्यांत ओलावा मुरू नये म्हणूनच.

वेल्डिंग शिल्लक असेल तर पूर्ण भाग झाकता येत नाही. तेव्हा जोडाची पट्टी सोडून उरलेला पत्रा एपॉक्सीखाली घालावा, आणि एकमेकांवर येणाऱ्या दोन्ही कडांना वेल्डिंग सहन करणारा जस्तयुक्त प्रायमर लावावा. तरीही एखादा भाग रात्रभर उघडा राहणारच असेल तर त्याला पेपर मारण्याचे काम अर्धवट ठेवावे, म्हणजे शेवटचा हात प्रायमरच्या तासभर आधी देता येतो आणि रात्रीची झाक त्यातच निघून जाते. प्लास्टिकचा कागद पत्र्याला चिकटवून झाकणे टाळावे. त्याखाली ओलावा अडकतो.

नव्या गाड्यांचा पत्रा बहुधा जस्तलेपित असतो आणि तो जस्ताचा थर अवघा काही मायक्रॉन जाडीचा असतो. तिथे गंज दिसत नसेल तर लोखंडापर्यंत घासण्यात काहीच शहाणपण नाही; कारखान्याचा मूळ प्रायमर शाबूत असेल तर तोही ठेवावा, कारण त्याच्या तोडीचे संरक्षण आपल्या हातून होणे नाही. ॲल्युमिनियमच्या भागांवर तांबूस गंज येत नाही, पण घासल्याबरोबर ऑक्साइडचा थर बसू लागतो, म्हणून तिथेही घासणे आणि प्रायमर यांत फार अंतर नसावे. लोखंडावर वापरलेला पेपर किंवा ब्रश ॲल्युमिनियमवर वापरू नये.

बाहेरून एवढी काळजी घेतल्यावर दाराच्या खालच्या दुमडीकडे आणि सिलच्या, म्हणजे दारांखालच्या पट्टीच्या, पोकळीकडे दुर्लक्ष होते, आणि गाड्या बहुतेक तिथूनच सडतात. सांध्यांना एपॉक्सीवर सीलर भरावा, पाणी निघून जाण्याची छिद्रे त्या सीलरने बुजली नाहीत ना हे तारेने तपासावे, आणि सगळा रंग पक्का झाल्यानंतर लांब नळीने पोकळ्यांत मेणाचा फवारा मारावा. तो रंगाच्या आधी मारला तर मेण कडांतून झिरपून सगळ्या कामावर पाणी फिरवेल.